नवरंग शोधायचा कसा : रोहिणीपासून आर्द्रेपर्यंत, टप्प्याटप्प्याने

मे संपता संपता पक्षी पाहणाऱ्यांची एकच तक्रार कानावर येते : आवाज चहूबाजूंनी येत होता, पण नवरंग (इंग्रजीत इंडियन पिट्टा) काही दिसला नाही. यात बहुतेक वेळा चूक असते ती क्रमाची. लोक आधी कॅमेरा बाहेर काढतात, मग आवाजामागे पाला तुडवत चालत सुटतात, मग मोबाइलवर त्याचीच शीळ वाजवतात आणि सगळं फसल्यावर दमून खाली बसतात. हा क्रम उलटा करायचा आहे. आधी कान, मग जागा, मग बैठक, मग डोळे. कॅमेरा सगळ्यांत शेवटी.

खाली दिलेली पद्धत कोकण, सह्याद्री आणि विदर्भातल्या पानगळी-निमसदाहरित जंगलांतल्या विणीच्या हंगामासाठी आहे. हिवाळ्यात गोव्यात किंवा त्याखाली केरळापर्यंत हाच पक्षी पाहायचा असेल, तर काय बदलायचं तेही जागेच्या टप्प्यात सांगितलं आहे.

## १. आधी तारीख पक्की करा

नवरंग आपल्याकडे मेच्या मध्यापासून पोहोचायला लागतो. वळवाच्या दोन-तीन सरी पडून गेल्या, जमीन ओली झाली, की त्याची शीळ सुरू होते. सगळ्यात चांगला काळ रोहिणी लागल्यापासून आर्द्रा लागेपर्यंतचा, म्हणजे साधारण २५ मे ते २२ जून. या दिवसांत नर आपली हद्द ठरवत असतो, जोडी जमवत असतो, त्यामुळे तो भरपूर ओरडतो. शिवाय झुडपांचा पाला अजून दाट झालेला नसतो, म्हणून नजर आत पोहोचते.

जुलैत पक्षी तिथेच असतो, पण रान इतकं माजलेलं असतं की पाच मीटरवरचाही दिसत नाही. त्या काळात घरट्यात अंडी किंवा पिल्लं असण्याची शक्यताही मोठी. म्हणून जुलैत आवाज ऐकून नोंद करा आणि पाहण्याचा हट्ट सोडा. ऑगस्टनंतर शीळ कमी होत जाते.

दिवस निवडताना आदल्या रात्री किंवा आदल्या संध्याकाळी पाऊस झालेली सकाळ पकडा. ओल्या पाल्यात गांडुळं वर येतात, किडे पृष्ठभागाजवळ असतात आणि नवरंग उघड्यावर जास्त वेळ चरतो. कोरडा, वाऱ्याचा दिवस सगळ्यात वाईट. पानांच्या सळसळीत त्याच्या उड्यांचा आवाज हरवतो.

तपासा : वळीव म्हणजे विजा. निघण्याआधी हवामान विभागाचा अंदाज आणि पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं, विजांची सूचना देणारं 'दामिनी' ॲप पाहा. आसपास वीज दाखवत असेल तर जंगलात झाडाला टेकून बसण्याचा बेत रद्द करा.

## २. जागा : ओळखीची नावं सोडून जमीन वाचा

कर्नाळा, फणसाड, संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, तुंगारेश्वर ही नावं सगळ्यांना ठाऊक आहेत आणि तिथे नवरंग येतोही. अडचण अशी की राखीव जंगलाचं फाटक उघडेपर्यंत ऊन वर आलेलं असतं आणि शिळेचा सगळ्यात भरातला अर्धा तास निघून गेलेला असतो. विदर्भातल्या व्याघ्र प्रकल्पांत पायी फिरता येत नाही आणि गाभा क्षेत्र पावसाळ्यात पर्यटनासाठी बंदच असतं. त्यामुळे पहिल्या खेपेला गावालगतची देवराई, जंगलाची कड किंवा ओढ्याकाठची राई निवडणं शहाणपणाचं. देवराई असेल तर आधी गावात विचारा. पुजाऱ्याला, सरपंचाला किंवा तिथल्या गुराख्याला सांगून आत जाणं हा शिष्टाचार तर आहेच, पण गुरं कुठून जातात आणि शीळ कुठे ऐकू येते हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं.

जागा चांगली आहे का, हे पुढच्या गोष्टींवरून कळतं :

- वर झाडांची सावली, मध्ये करवंद, कारवी किंवा बांबूची जाळी, आणि तिच्या खाली मोकळी, पाल्याने झाकलेली जमीन. तिन्ही थर हवेत. नुसती दाट जाळी असेल तर नवरंग असला तरी दिसणार नाही. नुसती मोकळी राई असेल तर तो थांबणार नाही.
- पाल्याचा थर निदान चार-पाच सेंटिमीटर. काठीने एकाच ठिकाणी थोडा पाला बाजूला करा. खालची माती काळी, ओलसर असेल, गांडुळाची विष्ठा किंवा किड्यांची हालचाल दिसली तर जागा कामाची. पाला पुन्हा जिथल्या तिथे सारा.
- जवळ ओहोळ किंवा पऱ्ह्या. पाणी वाहत नसलं तरी चालेल, ओल हवी.
- वणवा न लागलेली जमीन. उन्हाळ्यात जळून गेलेल्या उतारावर पाला उरत नाही, मग खाणंही उरत नाही.

झाडलोट केलेल्या आमराईत किंवा काजूच्या बागेत वेळ घालवू नका. खालचं रान राखलेली जुनी बाग मात्र एकदा जरूर पाहा.

हिवाळ्यात गोव्याच्या बोंडला आणि भगवान महावीर अभयारण्यांच्या सदाहरित भागांत नवरंग एकेकटा राहतो. तेव्हा तो एकाच तुकड्यात पुन्हा पुन्हा चरतो, म्हणून तिथे जागा वाचण्याचं महत्त्व आणखी वाढतं. आवाज मात्र उजाडताना आणि तिन्हीसांजेला मोजकाच मिळतो.

## ३. कान तयार करा, घरी बसून

ही पायरी गाळल्यामुळेच सगळ्यात जास्त खेपा वाया जातात.

नवरंगाची शीळ दोन स्वरांची : 'व्हीट्-ट्यू'. पहिला स्वर वर चढतो, दुसरा खाली उतरतो. स्वच्छ, जाडसर, माणसाने ओठ गोल करून घालावी तशी. कधी आधी एक बारीक स्वर जोडलेला असतो आणि मग ती तीन तुकड्यांची वाटते. हीच शीळ तो काही सेकंदांच्या अंतराने मिनिटांमागून मिनिटं घालतो. चाल बदलत नाही, मध्ये नक्षी काढत नाही.

जाण्याच्या चार-पाच दिवस आधी ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावरची किंवा पक्षी ओळखायला मदत करणाऱ्या मर्लिन ॲपमधली ध्वनिमुद्रणं रोज ऐका. एकट्या नवरंगाची ऐकून भागत नाही. त्याच रानात, त्याच वेळी ओरडणारे आणि घोटाळा करणारे आणखी तिघे आहेत :

शीळकरी कस्तूर ओढ्याकाठी भल्या पहाटे गातो. त्याची शीळही माणसासारखी, पण लांबलचक आणि भरकटलेली. सूर सापडल्यासारखा वाटतो आणि पुन्हा निसटतो.

शामा गोड गातो, पण प्रत्येक वेळी नवीन काहीतरी, आणि मध्ये कडक 'चक्-चक्' असतं.

भृंगराज हा खरा फसवणारा. तो नवरंगाची हुबेहूब नक्कल करतो. ओळखण्याचा उपाय एकच, दोन मिनिटं नुसतं ऐका. त्याच गळ्यातून लगेच सर्पगरुड, मग भलतीच एखादी शीळ निघाली, की तो भृंगराज. खरा नवरंग दोन मिनिटांनंतरही 'व्हीट्-ट्यू'वरच असतो.

तपासा : डोळे मिटून, दहा निरनिराळ्या ध्वनिमुद्रणांतून नवरंग न चुकता वेगळा काढता आला की कान तयार झाले. चुकत असेल तर जंगलात जाण्याची घाई नको.

## ४. सामान : कमी, पण नेमकं

दुर्बीण ८×४२ घ्या. १०×४२ मध्ये पक्षी मोठा दिसतो, पण झाडाखालच्या अंधुक उजेडात चित्र काळवंडतं. कारण साधं आहे : ४२ ला ८ ने भागलं तर डोळ्यापर्यंत येणारा प्रकाशाचा झोत ५.२५ मिलिमीटर रुंद मिळतो, १० ने भागलं तर ४.२. जवळात जवळ किती अंतरावर चित्र स्पष्ट होतं तेही बघून घ्या, दोन ते तीन मीटर हवं. शांत बसलेल्या माणसाजवळ नवरंग कधी कधी तेवढा जवळ येतो.

कपडे मातकट किंवा मळकट हिरवे. पांढरा रेनकोट, निळी प्लास्टिकची चादर, चकचकीत छत्री ही तिन्ही घरी ठेवा. चालताना फर्र-फर्र वाजणारा रेनकोट तर नकोच. त्याऐवजी जुनं सुती जाकीट घाला आणि सामानासाठी पाणी न शिरणारी पिशवी घ्या. बसायला फोमचा तुकडा किंवा जाड गोणपाट.

पायात गमबूट, किंवा घोट्याच्या वर जाणारे बूट आणि पँट मोज्यांत खोचलेली. कोकणात पाल्यातलं फुरसं दिसता दिसत नाही, आणि घोणसही याच दिवसांत बाहेर असते. बसण्याआधी जागा लांब काठीने तपासल्याशिवाय हात किंवा बूड टेकू नका. पहाटेच्या अंधारात टॉर्च पायांपुढे जमिनीवर ठेवा, झाडांवर फिरवू नका.

सावधान : सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग-सावंतवाडी पट्ट्यात आणि गोव्याच्या सत्तरी तालुक्यात माकडतापाचे रुग्ण सापडलेले आहेत. हा आजार गोचिडांमुळे पसरतो आणि धोका हिवाळ्यापासून मेपर्यंत जास्त असतो. तिथे पाल्यात थेट बसू नका, अंगाला गोचिड-प्रतिबंधक मलम लावा, घरी आल्यावर आंघोळ करून कपडे गरम पाण्यात टाका. आठवड्या-दोन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना जंगलात गेल्याचं आवर्जून सांगा.

## ५. आदल्या संध्याकाळी : आवाज कागदावर उतरवा

सूर्यास्ताच्या तासभर आधी पोहोचा. नवरंग तिन्हीसांजेलाही शीळ घालतो, आणि ही शीळ दुसऱ्या दिवशीच्या जागेचा पत्ता सांगते.

पायवाटेवर एका जागी उभे राहा. शीळ आली की कोणत्या दिशेने आली ते मोबाइलच्या होकायंत्रावर पाहून लिहा. मग पायवाटेनेच ५० ते ६० पावलं पुढे जा आणि तोच पक्षी पुन्हा ऐका. दुसरी दिशा लिहा. कागदावर दोन्ही रेषा काढल्या की त्या जिथे छेदतात, तिथे पक्षी आहे. तिसऱ्या ठिकाणावरून खात्री करा. शीळ शे-दीडशे मीटरवरूनही नीट ऐकू येते, त्यामुळे नुसत्या कानाच्या अंदाजाने 'इथेच आहे' म्हणणारा माणूस हमखास फसतो. दरीत, ओढ्याच्या काठावर तर आवाज समोरच्या उतारावर आपटून परत येतो.

इथे होणारी नेहमीची चूक म्हणजे दोन वेगवेगळ्या पक्ष्यांच्या रेषा एकत्र करणं. दोन नवरंग आळीपाळीने ओरडत असतील तर एकाचा आवाज नीट धरून ठेवा, दुसऱ्याची रेषा दुसऱ्या रंगाने काढा. आळीपाळीने ओरडणारे दोघे बहुधा शेजारचे नर असतात. त्यांच्या मधल्या पट्ट्यात बैठक घेतली तर दोघांपैकी एक तरी त्या बाजूला येतो.

आता बसायची जागा ठरवा. छेदबिंदूवर नाही, त्यापासून २५-३० मीटर अलीकडे. पाठीमागे रुंद बुंधा हवा, म्हणजे माणसाची आकृती तुटते. समोर ८ ते १५ मीटरपर्यंत पाल्याची जमीन दिसायला हवी. सकाळचं ऊन पाठीशी यावं, तोंडावर नको. गुरांच्या किंवा रानडुकरांच्या वाटेवर बसू नका. तिथवर पोहोचायची वाट आताच पाहून ठेवा आणि वाटेतल्या मोठ्या वाळक्या फांद्या बाजूला सारा. पहाटे तुटलेली एक फांदी पुढचा अर्धा तास वाया घालवते.

समोरचं दृश्य 'साफ' करण्यासाठी पाला झाडणं किंवा झुडपाच्या फांद्या मोडणं मात्र वर्ज्य. तोच पाला त्याचं ताट आहे आणि त्याच फांद्यांच्या भरवशावर तो उघड्यावर येतो.

## ६. पहाट : आधी वर बघा

मेअखेरीस मुंबई-रायगडकडे सूर्योदय सहाच्या सुमारास होतो, नागपूरकडे साडेपाचच्या सुमारास. सूर्योदयाच्या पाऊण तास आधी बैठकीवर बसलेलं असायला हवं. मोबाइल विमान मोडवर, घड्याळाचा गजर बंद, डबा-बाटली हाताशी. नंतर पिशवीची चेन ओढायची वेळ येऊ नये.

पहिली शीळ झुंजुमुंजू होताना येईल. बहुतेक लोक इथेच चुकतात. पुस्तकात 'जमिनीवर राहणारा पक्षी' असं वाचलेलं असतं, म्हणून आवाज आला की नजर पाल्यात जाते. नवरंग रात्र झाडावर काढतो आणि विणीच्या हंगामात सकाळची शीळ फांदीवर बसून घालतो. कधी डोक्याच्या उंचीवर, कधी दोन मजली घराच्या उंचीवर. तेव्हा शीळ चालू असताना वर बघा, शीळ थांबली की खाली.

वर शोधताना शेंड्याकडची पानं सोडून द्या. खालच्या निम्म्या भागातल्या आडव्या, बऱ्यापैकी जाड, उघड्या फांद्या एकेक करून दुर्बिणीने तपासा. प्रत्येक शिळेच्या वेळी तो मान मागे टाकून चोच आभाळाकडे करतो आणि लगेच खाली आणतो. रंग शोधू नका, अंधुक उजेडात हिरवी पाठ पानांत मिसळते. ही मानेची हालचाल शोधा. पांढरा गळा त्या क्षणी चमकतो आणि तोच सगळ्यात आधी नजरेत भरतो.

सापडला की जागचे हलू नका. शीळ घालणारा नवरंग एकाच फांदीवर बराच वेळ राहतो. दुर्बिणीतून हे सगळं नीट बघून घ्या : तपकिरी डोक्याच्या मधोमध काळी रेघ, डोळ्यावरून मानेपर्यंत गेलेला जाड काळा पट्टा, त्याच्यावर पांढरी भुवई, खांद्यावर चमकदार आकाशी ठिपका, फिकट बदामी पोट, आणि शेपटीखाली कुंकवासारखा लाल रंग. शेपटी इतकी आखूड की पक्षी अर्धवट वाटतो. साळुंकीपेक्षा लहान, पण पाय लांब आणि मजबूत.

सावधान : मोबाइलवर किंवा स्पीकरवर त्याची शीळ वाजवू नका. वाजवली की पक्षी जवळ येतो, हे खरं. तो येतो कारण त्याला हद्दीत दुसरा नर घुसल्यासारखं वाटतं. मग तो चरणं सोडून, कधी घरटं सोडून, नसलेल्या शत्रूला शोधत फिरतो. एकाच ठिकाणी रोज वेगवेगळ्या गटांनी हे केलं तर काही दिवसांत त्या तुकड्यातली शीळच मंदावते. तोंडाने नक्कल करणंही त्यातच आलं. गांडुळं किंवा बाजारी अळ्या टाकून बोलावणंही नको, त्यांच्यावर कावळे आणि मुंगूस येतात आणि नंतर घरट्यापर्यंत पोहोचतात.

## ७. जमिनीवरचा नवरंग : पाल्याचा आवाज ओळखा

ऊन जरा वर आलं की शीळ विरळ होते आणि पक्षी खाली उतरतो. आता पुन्हा कानांचंच काम. पाल्यातली प्रत्येक खसखस नवरंगाची नसते.

चकोत्री पायांनी उकरते. तो आवाज सलग, घाईचा आणि अनेक पायांचा असतो, कारण ती बहुधा जोडीने असते. सापसुरळीचा आवाज छोटा, कोरडा, सुर्रकन येऊन संपणारा. पाचू होला चालतो, त्याची पावलं एका लयीत पडतात. नवरंग उड्या मारतो : दोन-तीन उड्या, मग पूर्ण शांतता, मग चोचीने पान उलटल्याचा 'फट्' असा आवाज. उडी-उडी-शांतता-फट्. ही चाल एकदा ओळखू आली की डोळ्यांना कुठे बघायचं ते आपोआप कळतं.

नारिंगी डोक्याचा कस्तूरही असाच पाने उलटतो आणि त्याच सावलीत असतो. त्याचं डोकं आणि छाती नारिंगी, पाठ निळसर राखाडी, आणि पांढऱ्या गालावर दोन उभ्या गडद रेघा. तो दिसला तर निराश होऊ नका, जागा बरोबर आहे एवढं नक्की.

पक्षी दिसला की त्याच्या दिशेने सरकू नका. तो थांबलेला असतो तेव्हा ताठ उभा राहून, शेपटी सावकाश वरखाली हलवत आजूबाजूचा अंदाज घेत असतो. त्या वेळी केलेली हालचाल त्याला दिसतेच. दुर्बीण उचलायची ती तो पान उलटत असताना, म्हणजे डोकं खाली असताना.

बिचकला तर तो जमिनीलगत उडतो. पंखांतले पांढरे ठिपके क्षणभर दिसतात आणि दहा-वीस मीटरवर खालच्या एखाद्या फांदीवर तो निश्चल बसतो. लोक त्याच्या मागे जातात आणि मग तो खरंच लांब जातो. तुम्ही जागचे हलला नाहीत, तर बऱ्याचदा काही मिनिटांत तो पुन्हा खाली उतरून चरायला लागतो. घड्याळ लावून वीस मिनिटं थांबा. त्यानंतरही हालचाल नसेल तर दुसरी ठरवलेली बैठक गाठा.

तपासा : एका बैठकीवर नऊ वाजेपर्यंत काहीच मिळालं नाही, तर दुपारी रान पालथं घालू नका. दुपारी तो असतो, पण गप्प असतो. साडेचारनंतर त्याच जागी परत या.

## ८. फोटो, जमलाच तर

झाडाखाली उजेड किती कमी असतो याचा अंदाज बाहेरच्या उन्हावरून येत नाही. साडेसातलाही एफ ५.६ आणि आयएसओ ३२०० ठेवून शटर १/१२५ च्या आसपासच मिळतं. त्यामुळे एकपायी स्टँड किंवा गुडघ्याचा आधार हवाच. नवरंगाची चाल इथे मदतीला येते : उड्यांच्या मधल्या थांब्यात तो पुतळ्यासारखा उभा असतो. उडीत टिपायला गेलात तर सगळं धूसर. थांबा आला की चार-पाच फोटोंची एकच झड, मग बोट बाजूला.

पाल्याची पार्श्वभूमी गडद असते म्हणून कॅमेरा फोटो उजळ करायला जातो आणि गळा-भुवई पांढरीफटक पडते. उजेडाची मात्रा (एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन) −०.७ वर ठेवा. पहाटे फांदीवर, आभाळासमोर बसलेला असेल तर उलट, +१ करा. फाइल रॉ स्वरूपात ठेवा, म्हणजे सावलीतला हिरवा-निळा रंग नंतर सावरता येतो. शटर मूक असेल तर मूकच. फ्लॅश अजिबात नको.

भिंग जमिनीपासून ३०-४० सेंटिमीटरवर आणा, बसूनच. झोपून सरपटत पुढे जाण्याचा मोह आवरा : पाला वाजतो, आणि तोंड फुरशाच्या पातळीवर येतं.

आवाज मुद्रित करायचा असेल तर साधा मोबाइलही चालतो. वेव्ह स्वरूप निवडा, मोबाइल हातात न धरता दगडावर किंवा मांडीवर ठेवा, निदान एक मिनिट सलग मुद्रण करा आणि शेवटी हळू आवाजात तारीख, वेळ, जागा बोला.

## ९. माघार कधी घ्यायची

पुढच्यापैकी एकही गोष्ट दिसली तर पाहणं तिथेच थांबवायचं :

- चोचीत वाळकं पान, काटकी किंवा मूळ घेऊन पक्षी त्याच दिशेने पुन्हा पुन्हा जातोय.
- चोचीत गांडुळं लोंबताहेत आणि तो ती खात नाही, नुसता थांबून राहिलाय. पिल्लांना न्यायची आहेत आणि तुम्ही वाटेत आहात.
- तुमच्याभोवती फांद्या बदलत कर्कश ओरडतोय, पंख झटकतोय.

घरटं म्हणजे वाळकी पानं, गवत आणि काटक्यांचा ओबडधोबड गोळा, एका बाजूला गोल दार. जमिनीवर किंवा झुडपाच्या खालच्या बेचक्यात. पुराने अडकलेला कचरा समजून त्यावर पाय पडू शकतो, म्हणून जूननंतर पायवाट सोडायचीच नाही. आत सहसा चार-पाच चकचकीत पांढरी, जांभळट ठिपक्यांची अंडी असतात. ती बघायला पानं बाजूला करणं हा गुन्हाच आहे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मधल्या 'शिकारी'च्या व्याख्येत अंडी किंवा घरटं विचलित करणंही धरलेलं आहे.

माघार आल्या वाटेनेच, सावकाश, निदान तीस मीटर. नवी वाट पाडू नका. तुडवलेल्या पाल्याच्या वासावरून आणि मोडक्या फांद्यांवरून कोल्हा, मुंगूस, मांजर घरट्यापर्यंत पोहोचू शकतं. त्या हंगामात तिथे पुन्हा बैठक घ्यायची नाही.

## १०. नोंद त्याच दिवशी

ईबर्डवर संपूर्ण यादी भरा, फक्त नवरंगाची नाही. तिथे कान लावून बसलेला वेळ आणि चाललेलं अंतर खरं लिहा. न दिसता नुसते ऐकलेले नवरंगही संख्येत धरायचे. संख्या लिहिताना दिशांच्या रेषा काढलेला कागद कामी येतो : एकाच वेळी ओरडलेले तीन म्हणजे तीन, पण अर्ध्या तासात तीन ठिकाणांहून आलेला आवाज एकाचाही असू शकतो. शंका असेल तर कमी आकडा लिहा.

सोबत पावसाची नोंद ठेवा : आदल्या दिवशी पडला का, पहिली शीळ किती वाजता आली. दोन-तीन वर्षांच्या अशा नोंदींवरून आपल्या गावात नवरंग कोणत्या आठवड्यात येतो ते नेमकं सांगता येतं. घरट्याची खूण दिसली असेल तर नेमकं ठिकाण कुठेच टाकू नका, गटात तर नाहीच. फोटोत मोबाइलने चिकटवलेलं स्थान काढून टाका आणि तालुक्यापुरतंच नाव द्या.

## ११. नवरंग घरात शिरला तर

मे महिन्यात आणि परतीच्या काळात हा पक्षी रात्री प्रवास करतो. थकून किंवा दिव्यांना भुलून तो बाल्कनीत, जिन्यात, कधी थेट स्वयंपाकघरात सापडतो, काचेवर आपटतो. इथे प्रेमापोटीच चुका होतात.

१. दिवे आणि पंखा बंद करा. मुलांना आणि मांजराला बाहेर ठेवा.

२. पातळ सुती कापड वरून टाकून अलगद उचला. छाती दाबू नका, पक्ष्याचा श्वास छाती हलण्यावर चालतो.

३. बुटांच्या खोक्याला सात-आठ भोकं पाडा, तळाशी जुनं फडकं घाला, पक्षी आत ठेवून झाकण लावा. शांत, अंधाऱ्या जागी ठेवा. दर पाच मिनिटांनी उघडून बघू नका.

४. चोचीत पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं. दूध, पाव, भात, काहीही देऊ नका. उथळ बशीत पाणी ठेवायचं तेही पक्षी स्वतःच्या पायांवर उभा असेल तरच.

५. तास-दोन तासांनी खोक्यात उड्यांचा आवाज यायला लागला, की दिवसाउजेडी झाडीजवळ नेऊन खोकं जमिनीवर आडवं ठेवा, झाकण काढा आणि दहा पावलं मागे व्हा. हवेत उडवू नका. रात्री सापडला असेल तर पहाटेपर्यंत खोक्यातच राहू द्या.

६. पंख लोंबत असेल, रक्त येत असेल, एक डोळा मिटलेला असेल किंवा दोन तासांनीही उभा राहत नसेल तर महाराष्ट्र वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. बरा होईपर्यंत घरी पिंजऱ्यात ठेवणं कायद्याने चालत नाही, आणि नवरंग पिंजऱ्यात जाळीवर डोकं आपटून घेतो.

सोडल्यावर तो लगेच उडाला नाही तरी घाबरू नका. आधी तो दोन-चार उड्या मारत झुडपाखाली जाईल आणि तिथेच थांबेल. आसपास मांजर किंवा कावळे नाहीत ना एवढं लांबून पाहा.